अंगठ्याखालची झीज

खेळ चालू होता, पण खेळत कोणीच नव्हतं. भाच्याचे दोन्ही हात पोह्यांच्या बशीत, कंट्रोलर सोफ्यावर उताणा पडलेला, आणि टीव्हीवरचा फुटबॉलपटू मात्र एकटाच मैदानाच्या कडेकडे निघालेला. सावकाश, पण न थांबता. मी टक लावून बघतोय हे पाहून भाचा म्हणाला, "मामा, भूतबित काही नाही. ड्रिफ्ट मारतोय."

ड्रिफ्ट म्हणजे वाहवणं. कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या ज्या दोन आखूड दांड्या असतात, त्यांना खेळणारे 'स्टिक' म्हणतात. स्टिकला कोणी हात लावलेला नसतानाही ती कुठेतरी ढकलली गेली आहे असा निरोप कन्सोलला, म्हणजे खेळाच्या यंत्राला, जात राहतो, आणि पडद्यावरचा माणूस चालायला लागतो. कंट्रोलर घेऊन तेरा महिने झाले होते. वॉरंटी बारा महिन्यांची. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून फरकही पडणार नाही, कारण बिघडलेला तो सुटा भाग बहुतेक बड्या कंपन्या एकाच धाटणीचा वापरतात.

टिकाऊ कंट्रोलर कोणता, असं विचारलं की दुकानदार कंपनीचं नाव सांगतो, ओळखीचा मुलगा किंमत सांगतो आणि यूट्यूबवाला दोन्ही सांगतो. त्या तेरा महिन्यांच्या कंट्रोलरने मला आत डोकावायला लावलं, आणि तेव्हापासून माझं मत असं झालंय, की नाव आणि किंमत यांवरून टिकाऊपणाचा फारसा अंदाज येत नाही. दांडीखाली काय कशाला घासतं आणि बिघडल्यावर ते उघडून बदलता येतं का, एवढं कळलं की बराच उलगडा होतो.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. नाव तपकिरीचं, माल वायर, बल्ब, सर्किट आणि सोल्डरिंगच्या तारेचा. तिथल्या एका अरुंद दुकानात दुरुस्ती करणाऱ्या मुलाने कंट्रोलरचे चार स्क्रू काढले, कडेच्या खाचा प्लास्टिकच्या पट्टीने एकेक सोडवल्या आणि दोन कवचं वेगळी केली. आत हिरवी पाटी, दोन लहान मोटरी, एक चपटी बॅटरी. आणि अंगठ्यांच्या जागी बोटाच्या पेराएवढ्या दोन चौकोनी पत्र्याच्या डब्या. प्रत्येक डबीच्या दोन कुशींना दोन पातळ कप्पे चिकटलेले: एक डावं-उजवं मोजणारा, दुसरा वर-खाली. त्याने चिमट्याने एक कप्पा अलगद उचकटला आणि झाकण भिंगाखाली धरलं. "हे बघा, काका."

घोड्याच्या नालासारखी वळलेली काळी पट्टी होती. तिच्यावरून फिरणारं एक चिमुकलं धातूचं बोट. सगळी पट्टी मंद काळी, पण मधोमध एक चकचकीत रेघ उमटलेली. गवतातून रोज माणसं गेली की पायवाट पडते, तशी. त्या पायवाटेवर काळी भुकटी सांडलेली होती. फुटबॉलपटूला चालवणारं भूत ते हेच.

पट्टी कार्बनची असते. तिच्या दोन टोकांमध्ये विजेचा ठराविक दाब दिलेला असतो. बोट मधोमध असलं की निम्मा दाब मिळतो, एका टोकाकडे सरकलं की वाढतो, दुसरीकडे सरकलं की घटतो. कंट्रोलरमधली चिप तो आकडा वाचते आणि अंगठा कुठे आहे ते ठरवते. या भागाला पोटेन्शिओमीटर म्हणतात, आणि तो तुमच्या ओळखीचा आहे. जुन्या ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवताना बटण फिरवलं की 'खर्र' व्हायचं ना? ती याच पट्टीवरची भुकटी. रेडिओला मात्र एक सवलत होती: बटण दिवसातून चारदा फिरायचं. कंट्रोलरची दांडी मिनिटाला ऐंशीदा फिरते.

ऐंशी हा आकडा हवेतला नाही. जपानची आल्प्स अल्पाइन ही कंपनी अशा डब्या बनवणाऱ्यांत मोठी. तिच्या माहितीपत्रकात डबीचं आयुष्य वीस लाख फेऱ्यांचं दिलेलं असतं. दांडी खाली दाबण्याचा जो खटका असतो त्याचं पाच लाख दाबांचं. वीस लाख ऐकून माणूस निर्धास्त होतो. २०२१ मध्ये 'आयफिक्सिट' या अमेरिकी दुरुस्तीवाल्या कंपनीने प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर उघडला आणि धावपळीच्या बंदूकबाजीच्या खेळात अंगठा किती वेळा फिरतो ते मोजून, मिनिटाला ऐंशी धरून भागाकार केला. उत्तर आलं ४१७ तास. रोज दोन तास खेळणाऱ्यासाठी २०९ दिवस, म्हणजे पुरते सात महिनेही नाहीत. अर्थात हा तडाखेबंद खेळणाऱ्याचा हिशेब. शिवाय ४१८व्या तासाला डबी मरून पडते असंही नव्हे. तिथून पुढची हमी कोणी देत नाही, एवढाच अर्थ. रविवारी तासभर क्रिकेटचा गेम खेळणाऱ्याचा कंट्रोलर याच डबीवर पाच-सहा वर्षं सहज काढतो. टिकाऊपणा वर्षांत मोजायचा नसतो, तासांत मोजायचा असतो.

ड्रिफ्ट एका रात्रीत येत नाही. आधी स्टिक सोडल्यावर आकडा शून्याऐवजी थोडा इकडेतिकडे थांबतो. खेळ बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून ते मध्याभोवती एक छोटं वर्तुळ 'इथली हालचाल धरू नकोस' म्हणून सोडून देतात. त्याला डेडझोन म्हणतात. झीज त्या वर्तुळाबाहेर गेली की आपल्याला कळतं. कित्येक मुलं सेटिंगमध्ये जाऊन डेडझोन वाढवतात आणि कंट्रोलर 'दुरुस्त' झाल्याचं जाहीर करतात. दुखण्यावर पांघरूण घालण्याचा हा प्रकार; नेम धरताना लागणारी बारीक हालचालही त्यात मरते.

या सगळ्यात सर्वांत गाजलं ते निन्टेंडोचं प्रकरण. २०१७ च्या मार्चमध्ये निन्टेंडो स्विच बाजारात आला. त्याचे जॉय-कॉन नावाचे दोन इवलेसे कंट्रोलर इतके सपाट होते, की नेहमीची उभी डबी त्यात मावेना. म्हणून पट्ट्या आडव्या अंथरल्या आणि त्यांवर धातूची बोटं सरकवली. झीज तीच, वर धुळीचा त्रास. २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा ठोकला. २०२० च्या जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ब्रिटनच्या 'विच?' या ग्राहकसंस्थेने २०२२ मध्ये खराब झालेले जॉय-कॉन प्रयोगशाळेत उघडले, तेव्हा आतल्या पाटीवर झिजलेल्या जागा आणि धूळरोधक झालर असूनही आत शिरलेली धूळ सापडली. २०२३ मध्ये युरोपीय आयोगाच्या दबावाखाली कंपनीने तिथल्या ग्राहकांना वॉरंटी संपल्यावरही ही दुरुस्ती फुकट करून देण्याचं मान्य केलं. दरम्यान, एका यूट्यूबरने काय शोधून काढावं? जाड कागदाचा मिलिमीटरभर तुकडा स्टिकच्या पाठीमागे सारायचा. डबी घट्ट दाबली जाते, बोटं पट्टीला नीट टेकतात, ड्रिफ्ट थांबतो. डुगडुगत्या टेबलाखाली कागदाची घडी सारतो, तेच झालं की!

आता गंमत ऐका. न झिजणारी स्टिक ही काही कालची युक्ती नाही. सेगा या जपानी कंपनीने १९९६ मध्ये आपल्या सॅटर्न कन्सोलसाठी एक गोल कंट्रोलर काढला होता. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये तिचा ड्रीमकास्ट आला. दोन्हींच्या स्टिकखाली कार्बनची पट्टी नव्हतीच; चुंबक होतं, आणि चुंबकाकडे दुरून बघणारी चिप. स्पर्श नाही, म्हणून घासणं नाही. ड्रीमकास्ट बाजारात आपटला, २००१ मध्ये सेगाने कन्सोलचा धंदाच सोडला. पण जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे ते कंट्रोलर आजही सरळ चालतात.

यामागचं विज्ञान तर त्याहून जुनं. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा विद्यार्थी सोन्याच्या वर्खातून वीज सोडत होता. वर्ख चुंबकाच्या क्षेत्रात धरला, तर वाहणारी वीज एका कडेला ढकलली जाते आणि दोन कडांमध्ये बारीकसा दाब तयार होतो, हे त्याला आढळलं. चुंबक जितकं जोरकस किंवा जवळ, तितका दाब जास्त. यालाच हॉल परिणाम म्हणतात. इलेक्ट्रिक स्कूटरची मूठ पिळली की मोटरीला वेग कळतो तो बहुधा याच तत्त्वावर. पाऊस, चिखल, हजारो पिळण्या सोसूनही ती मूठ सहसा ड्रिफ्ट मारत नाही. मारला असता तर आपण सिग्नलला उभे राहू शकलो नसतो.

त्याहून गमतीची गोष्ट मायक्रोसॉफ्टची. २०१३ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरमध्ये तर्जनीखालच्या चापांना, म्हणजे ट्रिगरना, चुंबक आणि हॉल चिप दिलेली आहे. त्याच कंट्रोलरच्या स्टिकखाली मात्र कार्बनची पट्टी. एका घरात मोठ्याला स्टीलचं ताट आणि धाकट्याला पत्रावळ! पोटेन्शिओमीटर स्वस्त पडतो, वीज कमी खातो, आणि वर्षानुवर्षं बसलेली पुरवठ्याची घडी मोडायला कोणी तयार नसतं. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला, तेव्हा एवढ्या सगळ्या रामायणानंतर तरी निन्टेंडो चुंबकाकडे वळेल असं खेळणाऱ्यांना वाटत होतं. नव्या जॉय-कॉनमध्येही हॉल स्टिक नाही, हे कंपनीच्या अमेरिकी अधिकाऱ्याने आधीच सांगून टाकलं होतं.

चुंबकाची स्टिक सर्वसामान्यांच्या हाती आणली ती गुलीकिट, एटबिटडू, गेमसर अशा चिनी कंपन्यांनी, साधारण २०२१ नंतर. गेमसरचा जी ७ एसई तर एक्सबॉक्सचा रीतसर परवाना घेऊन आला. आता आपल्याकडे दोन-अडीच हजारांच्या कंट्रोलरच्या खोक्यावरही 'हॉल इफेक्ट' छापलेलं दिसतं, आणि सहा हजारांच्या आसपासच्या नामांकित कंट्रोलरवर ते दिसत नाही. किमतीवर विसंबू नका म्हणतो ते यासाठी.

अलीकडे खोक्यावर 'टीएमआर' ही तीन अक्षरंही दिसतात. तेही चुंबकच, पण वाचणारी चिप वेगळी. दोन चुंबकीय थरांमध्ये अतिशय पातळ असा विजेला अटकाव करणारा थर ठेवला, तर चुंबकाच्या दिशेप्रमाणे त्यातून पार होणारी वीज कमीजास्त होते; फ्रान्सच्या मिशेल ज्युलिएर यांनी १९७५ मध्ये हे दाखवलं. हार्ड डिस्कवरची माहिती वाचायला हेच तंत्र वापरतात. टीएमआर चिप हॉल चिपपेक्षा कमी वीज खाते आणि बारीक हालचाल अधिक स्वच्छ टिपते. टिकाऊपणाच्या दृष्टीने दोघींत मला फार फरक वाटत नाही. बिनतारी कंट्रोलर घ्यायचा असेल आणि किमतीत दोनशे-तीनशेचाच फरक असेल, तर टीएमआर घ्यावा. नाहीतर हॉल पुरे.

आणि तरीही 'चुंबक आहे म्हणजे अमरपट्टा' असं समजू नये. याचा धडा निन्टेंडो ६४ या कन्सोलने १९९६ मध्येच दिलेला आहे. त्याच्या स्टिकखाली ना कार्बन होता ना चुंबक. खाचा पाडलेल्या चकत्यांमधून प्रकाश जायचा आणि चिप त्या खाचा मोजायची. वाचणारा भाग झिजण्याचा प्रश्नच नव्हता. झिजली ती दांडी. तिचं प्लास्टिकचं टोक प्लास्टिकच्याच वाटीत घासायचं, वाटीत पांढरी भुकटी साठायची आणि काही महिन्यांत दांडी वरणात बुडालेल्या चमच्यासारखी कलंडून पडायची. त्यात 'मारियो पार्टी' नावाचा खेळ आला. त्यातल्या काही डावांत दांडी जितकी वेगाने गरगरा फिरवाल तितके गुण. मुलं अंगठा सोडून तळहाताने फिरवू लागली. तळहातांना फोड आले, तक्रारी न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यापर्यंत गेल्या आणि २००० साली कंपनीने खेळ घेणाऱ्यांना हातमोजे देऊ केले. कंट्रोलर आणि खेळणारा, दोघांचीही साल निघाली असा खेळ दुसरा नसेल.

म्हणजे हॉल स्टिकमध्येही दांडीला मधोमध आणणारी स्प्रिंग आहे, ती सैल होते. दांडीची मान कवचाच्या गोल कडेवर घासते, तिथे पांढरी रेघ पडते. म्हणून घेताना त्या कडेकडे बघा. काही कंपन्या तिथे धातूची किंवा गुळगुळीत प्लास्टिकची वेगळी कडी बसवतात. ती दिसली तर बनवणाऱ्याने झिजेचा विचार केलाय असं समजायला हरकत नाही.

स्टिकबद्दल इतकं बोललो, कारण दहातले बहुतेक कंट्रोलर तिच्यापायीच टाकले जातात. बाकीचे भाग तुलनेने चिवट. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना आठवेल, कॅसेट लावून चालणाऱ्या व्हिडीओ गेमला दोन 'रिमोट' असायचे. कंट्रोलर हा शब्द कोणाला माहीत होता! डावीकडे अधिक चिन्हासारखं बटण, उजवीकडे दोन गोल. ते अधिक चिन्ह गुन्पेई योकोई या निन्टेंडोच्या अभियंत्याचं, १९८२ चं. त्या बटणांखाली रबराच्या टोप्या असायच्या आणि टोपीच्या पोटाला कार्बनची टिकली. टिकली पाटीवर टेकली की बटण दाबलं गेलं. घासणं जवळपास नाही, नुसतं टेकणं. त्यामुळे ते रिमोट वायर तुटेपर्यंत चालायचे. टिकली निकामी झाली तर टीव्हीच्या रिमोटला करायचे तोच उपाय: सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून तिथे चिकटवायची. आजही पुष्कळ कंट्रोलरची मुख्य बटणं याच रबरी टोप्यांवर चालतात आणि मला तरी त्यांची चिंता वाटत नाही. 'मेकॅनिकल' बटणांचा खट्ट आवाज कानाला बरा लागतो, त्यांच्या लाखो दाबांच्या जाहिरातीही बऱ्या लागतात. पण रबर बिघडलं तर पाच रुपयांची चकती पुसून भागतं. खटका बिघडला की सोल्डर आलं.

आपल्या हवेत मात्र एक वेगळाच शत्रू आहे, त्याबद्दल परदेशी तज्ज्ञ फारसं बोलत नाहीत. काही कंट्रोलरच्या मुठींवर मखमलीसारखा रबरी लेप असतो. दुकानात हात लावला की तोच मोहात पाडतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात दोन-तीन पावसाळे गेले की दमट हवेने तो लेप विरघळू लागतो आणि मूठ गुळाच्या ढेपेसारखी चिकट होते. जुन्या दुर्बिणीच्या, टॉर्चच्या मुठींचं हेच होतं. पुसून जात नाही; स्पिरिटने घासून सगळा लेपच काढावा लागतो. खरबरीत साध्या प्लास्टिकची मूठ दिसायला दरिद्री, पण वर्षानुवर्षं तशीच राहते. माझं मत: किनारपट्टीवर राहत असाल तर मखमल टाळा.

बॅटरीचंही असंच. आत बंद केलेली लिथियम बॅटरी काही वर्षांत थकतेच, वापरली तरी आणि कपाटात पडून राहिली तरी. एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर अजूनही घड्याळाच्या, रिमोटच्या त्या दोन पेन्सिल सेलवर चालतो, म्हणून पोरं त्याला हसतात. पण वीस वर्षांनीही वाण्याकडे सेल मिळतील, आणि तो कंट्रोलर चालेल. वायरचाच कंट्रोलर पुरणार असेल तर बॅटरीचा प्रश्नच मिटतो; फक्त वायर कंट्रोलरमधूनच निघालेली नको, काढता-घालता येणारी हवी. मुलं वायरला अडखळतात ती अडखळणारच.

आता बिघडल्यावर उघडून बदलण्याबद्दल. अमेरिकेच्या नौदलात २०१८ साली 'यूएसएस कोलोरॅडो' ही पाणबुडी दाखल झाली. तिच्यात डोळा लावून बघायची दुर्बीण नाही. मास्टवरचे कॅमेरे फिरवायला एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर वापरतात. त्याआधी त्या कामाला जी खास दांडी होती तिची किंमत सुमारे ३८ हजार डॉलर. हा कंट्रोलर ३० डॉलरच्या आसपास. नौदलाला काही तो अभेद्य वाटला नव्हता. बिघडला तर कुठल्याही बंदरावरच्या दुकानात दुसरा मिळतो, आणि नव्या खलाशाला तो शिकवावा लागत नाही, हे त्यांना पटलं होतं. (२०२३ मध्ये टायटॅनिक बघायला गेलेली 'टायटन' बुडी फुटली तेव्हा तिच्यातल्या स्वस्त लॉजिटेक कंट्रोलरची जगभर टिंगल झाली. फुटलं होतं ते बुडीचं कवच.) कंट्रोलर घेताना मीही तसाच विचार करतो: हा बिघडेल तेव्हा सुटा भाग मिळेल का, आणि बसवणारा सापडेल का?

बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकची डबी चौदा ठिकाणी सोल्डर केलेली असते. चौदा डाग न जाळता, पाटीवरची तांब्याची रेघ न उखडता काढणं हे सरावाचं काम. तपकीर गल्लीतल्या मुलाने ते चहा गार व्हायच्या आत केलं आणि दोन्ही बाजूंना हॉलच्या डब्या बसवून, मग त्यांचा मध्यबिंदू लॅपटॉपवर नीट लावून दिला. हे मध्य लावण्याचं काम टाळणाऱ्या दुकानदाराकडे परत जाऊ नका. हॉलची डबी बसवून सोडून दिली तर ती पहिल्या दिवसापासून तिरकी वागते. घरी करणार असाल तर स्क्रूकडे आधी बघा. प्लेस्टेशनला घरातला साधा फुली पेचकस चालतो. एक्सबॉक्सला मधोमध भोक असलेला टॉर्क्स आठ नंबर लागतो, आणि पाचवा स्क्रू बॅटरीच्या खणात स्टिकरखाली लपलेला असतो. तो विसरून जोर लावणाऱ्यांनी किती कवचं फोडली असतील! निन्टेंडोच्या जॉय-कॉनला तीन पाकळ्यांचा. यांतलं काहीच जमणार नसेल, तर डबी सोल्डरशिवाय ओढून काढता येईल असा कंट्रोलर बघा. प्लेस्टेशनवाल्या सोनीने २०२३ मध्ये काढलेला ड्युअलसेन्स एज तसा आहे. स्टिकचा अख्खा ठोकळा खटका सोडला की बाहेर येतो आणि नवा आत बसतो. पण ठोकळ्यात कार्बनच, आणि किंमत साध्याच्या कितीतरी पट. पत्रावळ बदलून देण्याची सोय चांदीच्या भावात.

कोणता घ्यावा हे शेवटी घरात काय आहे त्यावर ठरतं. संगणकावर किंवा मोबाइलवर खेळणाऱ्याला रान मोकळं: हॉल किंवा टीएमआर स्टिक, साधी मूठ, निघणारी वायर, एवढं बघून मधल्या किमतीतला घ्यावा. एक्सबॉक्स असेल तर 'एक्सबॉक्ससाठी परवानाधारक' असं लिहिलेलाच चालतो. त्यातही चुंबकवाले मिळतात. स्विचवाल्यांना पर्याय भरपूर. अडचण प्लेस्टेशन ५ वाल्यांची. त्याचे खेळ परवान्याशिवायचा कंट्रोलर सहसा ओळखतच नाहीत. नाकॉन या कंपनीचा परवानाधारक हॉलवाला आहे, पण तो महाग, आणि प्लेस्टेशन ५ च्या खेळांत थरथरत नाही. त्यांनी कंपनीचाच साधा घ्यावा आणि झिजल्यावर तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठून हॉलच्या डब्या बसवून घ्याव्यात, हे मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र स्क्रूला हात लावू नका.

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक काम करा. विंडोजच्या संगणकाला कंट्रोलर जोडा, 'रन' उघडून जॉय डॉट सीपीएल टाइप करा. एक चौकोन आणि त्यात डाव्या स्टिकची जागा दाखवणारी फुली दिसेल; उजव्या स्टिकची जागा शेजारच्या पट्ट्यांवर दिसते. स्टिक कडेपर्यंत ढकलून पटकन सोडा. फुली दर वेळी त्याच जागी यायला हवी. डावीकडून सोडल्यावर एकीकडे आणि उजवीकडून सोडल्यावर दुसरीकडे थांबत असेल, तर स्प्रिंग ढिली आहे. मग कडेकडेने सावकाश गोल फिरवा. फुली कुठेही उडी मारता कामा नये. दोन्ही स्टिकना वीसेक वेळा हे करा आणि पडद्याचा मोबाइलवर व्हिडीओ घ्या. दोष दिसला तर त्याच आठवड्यात परत करा. ऑनलाइन घेतलेल्या मालाची बदलून देण्याची मुदत सात-दहा दिवसांपलीकडे क्वचित असते, आणि ती संपेपर्यंत खोकं रद्दीत देऊ नका.